पाण्यावरची माणसं कुठली?

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पंधरा दिवसांत ओळ लिहिली नाही म्हणून तू माझा उद्धार केला असशील, तो पोचला असं समज. कारण सांगतो. देशाची घटना लिहायला सभा भरणार आहे हे तुमच्या धक्क्यांवरही आलंच असेल. पण त्या सभेत बसणार कोण, कुठल्या माणसांनी किती प्रतिनिधी पाठवायचे, हे आधी ठरायला हवं. त्यासाठी एकवीस जणांची एक समिती नेमली आहे आणि मला तिथे लघुलेखक म्हणून दिलं आहे. ते एकवीस बोलतात आणि मी व माझ्या शेजारची एक बाई दहा-दहा मिनिटांच्या पाळीने त्यांचा शब्द न् शब्द रेघोट्यांत उतरवतो. दुसऱ्या दिवशी तो मजकूर फाटकावरच्या फलकावर लागतो, तेव्हा यात गुपित काही नाही.

खोलीत दोन पुरुष उंचीचा नकाशा टांगला आहे. दर साठ हजार माणसांमागे एक प्रतिनिधी असं ठरलं आणि त्यावर टाचण्या टोचल्या गेल्या. आपली नदी त्यावर निळ्या रेघेची आहे, आणि त्या रेघेच्या बरोब्बर मधून जिल्ह्यांची हद्द जाते. ताई, आपण जन्मभर नावेत, म्हणजे त्या हद्दीवरच राहिलो की! शिरगणतीच्या दिवशी ज्याचा पडाव ज्या काठाला बांधलेला, तो त्या जिल्ह्यात मोजला. आपली माणसं चौदा जिल्ह्यांत विखुरली आहेत. कुठे तीनशे, कुठे पाच हजार. समितीत एक शाळामास्तरीण आहेत, त्यांनी विचारलं की पडावांवर राहणाऱ्यांचं काय. आकडेवाले अधिकारी म्हणाले, दखल घेण्याएवढी संख्या कुठेच नाही.

मी ते लिहून घेतलं. दोनदा पेन्सिल मोडली. तेव्हापासून कशात मन लागत नाही. जेवायला बसतो आणि तो नकाशाच दिसतो.

आबांचा खोकला कसा आहे? माझ्यावरची माया आटली नसेल तर लवकर लिही.

तुझा,
ढापण्या

---

१३ फेब्रुवारी, दगडी धक्का

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि नंतर तीन घरी मोठ्याने वाचून दाखवलं. तुझं मन लागत नाही तो मजकूर तेवढा गाळला.

दखल घेण्याएवढी संख्या कुठेच नाही म्हणे! बावीस वर्षं मी या नदीवर बाळंतपणं करते आहे. पत्ता नाही म्हणून काठावरच्या कचेरीत आपल्या मुलांचे जन्म कुणी लिहीत नाही, म्हणून मीच वहीत लिहीत आले: आईचं नाव, पडावाचं नाव, त्या दिवशी बांधलेला धक्का. अशा एकोणीस वह्या आहेत माझ्याकडे. त्या अधिकाऱ्याला एकदा इथे पाठव, मी त्याला दखल घ्यायला शिकवते.

परवा कोळशाच्या पडावावर सगळे जमले होते. नावाड्यांच्या संघाचा म्होरक्या तावातावाने म्हणाला की आपल्याला वेगळी खुर्ची मागायची, फक्त पाण्यावरच्यांची. मी हात वर केला. सगळ्यांनीच केला. मग आबा उठले. आपल्या आबांना तू ओळखतोस, चाळीस वर्षं सुकाणू धरलेला माणूस, वळण येईपर्यंत तोंड उघडत नाही. ते म्हणाले, काठावरच्या शाळेत आपल्या मुलांना वेगळा बाक दिला होता, अर्धं वर्ष येतात म्हणून, त्यांच्या सोयीसाठी. सोय राहिली बाजूला, त्या बाकाचंच नाव पोरांना पडलं. वेगळी खुर्ची म्हणजे तोच बाक, फक्त मोठ्या शहरातला. एवढं बोलून खोकत खोकत निघून गेले. मला त्यांचा संताप आला. त्या बाकावर तूही बसला आहेस. तुला काय वाटतं ते स्पष्ट लिही.

निवेदन द्यायचं तर कुणाला, कसं, तेही कळव.

अंगावर लोकर घालत जा. आमचं सगळ्यांचं तुझ्यावर आहे ते आहेच.

ताई

---

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

निवेदनं ३१ मार्चपर्यंत अध्यक्षांच्या नावे द्यायची आहेत. अध्यक्ष म्हणजे निवृत्त न्यायाधीश. ऐकायला कमी येतं, पण आकडा लगेच ऐकू येतो. म्हणून आकडे द्या. हे सगळं फलकावर छापलेलंच आहे, मी वेगळी मदत केली असं समजू नकोस.

आता जे खुपतं आहे ते लिहितो. समितीत मालवाहू पडावांच्या मालकांचा एक पुढारी आहे. त्याला सगळे धक्केवाला म्हणतात. त्याने सुचवलं आहे की जलवाहतूक या धंद्याला एक जागा द्या आणि ती परवानाधारकांनी निवडा. पाण्यावरची माणसं माझीच आहेत, त्यांची काळजी मी घेतो, असं फार गोड बोलला. परवाने कुणाच्या नावे असतात, तुला ठाऊक आहे. मालकांच्या. आबांना मत नाही, तुला तर नाहीच. तो तुमच्या नावाने खुर्चीत बसेल आणि तुम्हीच बोललात असं नोंदलं जाईल. काही सभासदांना ही तोड पसंत पडते आहे, कारण नकाशाला हात लावावा लागत नाही.

तू माझं मत विचारलंस. मला मत असता कामा नये. नोकरी लागताना आम्हाला लिहून द्यावं लागलं होतं की समितीपुढच्या कुठल्याही प्रश्नात आमचा संबंध नाही. मी मामांचा काठावरचा पत्ता दिला होता आणि जन्मस्थळ म्हणून त्यांचंच गाव. तेव्हा त्यात काही वाटलं नव्हतं. आता रोज सकाळी त्या दारातून आत शिरताना वाटतं, कुणीतरी हाक मारेल. मी कुठला हे इथे कळलं तर माझी खुर्ची गेलीच. तेव्हा माझं नाव कुठेही येऊ देऊ नकोस.

त्या बाकाची आठवण आबांनी ठेवली आहे हे मला माहीत नव्हतं.

चुकत असेन तर कान धर, पण पत्र थांबवू नकोस.

ढापण्या

---

१७ मार्च, वरचा कालवा

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

तुझं नाव येणार नाही. बस्स, त्या विषयावर एवढंच.

आम्ही मोजतो आहोत. अकरा बायका, माझ्या वह्या आणि दोन होड्या. जन्म लिहिलेले होते, त्यातून गेलेली माणसं वजा करायची, आलेल्या सुना धरायच्या, आणि मग प्रत्येक पडावावर जाऊन डोकी पाहायची. वाटतं तितकं सोपं नाही. कित्येकांनी फळी उचलून घेतली, चढूच दिलं नाही. मोजलं की पकडलं, एवढंच त्यांना ठाऊक. एका म्हातारीने विचारलं, आजवर न मोजता जगलो ते चुकलं का? मी तिथे तासभर बसले आणि तिच्या गुडघ्याला तेल चोळून परत आले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः निरोप धाडला की लिही, आम्ही सात.

आबा मात्र हटून बसले आहेत. मी वही काढली की हे पडावाच्या दुसऱ्या टोकाला. मी तिकडे गेले की हे या टोकाला. शेवटी मी म्हटलं, नाही लिहीत तुम्हाला, बसा. तर म्हणाले, कोण मोजतंय यापेक्षा कशासाठी मोजतंय हे आधी सांग. रोज सांगते. पटत नाही म्हणतात.

आज सकाळी बेरीज झाली: अडतीस हजार चारशे सहा. आबांना सोडून. उद्या निवेदन टपालात पडेल. समितीने बोलावलं तर साक्षीला म्होरक्या येईल, त्याचा आवाज मोठा आहे. त्याच्याकडे बघून हसू नकोस म्हणजे झालं.

जिवाला जप, रागावलास तरी आपलंच समज.

ताई

---

९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चार वर्षांनी तुला पाहिलं आणि एक शब्द बोललो नाही.

म्होरक्या येणार म्हणून मी निर्धास्त होतो. अकराला दार उघडलं आणि वह्यांचं गाठोडं घेऊन तू आत आलीस. माझीच पाळी सुरू होती. हात थांबला असता तर शेजारच्या बाईंच्या लक्षात आलं असतं, म्हणून थांबवला नाही. अध्यक्षांनी विचारलं, आपण राहता कुठे, आणि तू म्हणालीस, कोणत्या वारी ते सांगा म्हणजे सांगते. सगळे हसले. नियमाप्रमाणे मी कंसात हशा असं लिहिलं. तुझं बोलणं लिहिताना मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि तरी अक्षर अगदी स्वच्छ आलं आहे.

पुढे तू जे बोललीस ते मी घरी येऊन आठवत बसलो आहे. आम्हाला वेगळी खुर्ची नको, म्हणालीस. आमचा धक्का कुठला हे आम्हाला सांगू द्या. प्रत्येक घर एक धक्का निवडेल, तिथेच मोजा आणि तिथेच मत घ्या, काठावरच्यांच्या रांगेत. आबांचंच म्हणणं ते! कधी पटलं तुला?

आणि मग धक्केवाल्याने विचारलं की तुमच्यातली शिकलेली माणसं काठावर येतात, नोकऱ्या करतात, याच इमारतीतही कुणी असेल, मग तुमचा आवाज कुठेच नाही असं कसं म्हणता? तू माझ्याकडे पाहिलंस. पापणी लवेल इतकाच वेळ. मग म्हणालीस, नाही, या इमारतीत आमचं कुणी नाही.

ते ‘नाही’ मी माझ्या हाताने लिहिलं, ताई. लघुलिपीत ती छोटीशी वाकडी रेघ असते. गेले दोन दिवस तीच डोळ्यांपुढे आहे. ते मला वाचवायला होतं की खरंच तसं वाटलं म्हणून होतं?

ढापण्या

---

१५ एप्रिल, दगडी धक्का

चि. ढापण्यास,
आशीर्वाद आहेतच, पण आधी ऐक.

म्होरक्याला साक्षीच्याच आठवड्यात धक्केवाल्याने वरच्या टोकाचं भाडं दिलं. मोठी खेप होती, तो गेला. मग कोण जाणार? वह्या माझ्या, म्हणून मी. तुला कळवलं असतं तर तू आजारी पडून घरी बसला असतास. तुला मी लहानपणापासून ओळखते.

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. बोलले ते तुला वाचवायला. पण बोलल्यावर जाणवलं की शब्द अडखळला नाही, अगदी सरळ बाहेर आला. का, ते मला विचारू नकोस. चार वर्षं तू येतो येतो म्हणून लिहितोस. तू काळ्या कोटात बसला होतास, कॉलर पांढरी शुभ्र, आणि मला एकदम वाटलं की हा कुणीतरी साहेब आहे. घरी आल्यावर रडले. आबांना सांगितलं नाही.

आबांचं म्हणणं मला एका म्हातारीच्या दारात पटलं. ती म्हणाली, मला माझ्या भाजीवालीच्या रांगेत उभं राहायचं आहे. मला वेगळं काही नको. एवढंच.

आता त्या ‘नाही’चा विचार सोड. समितीकडून काही कळलं की लिही. जेवत जा वेळेवर, भांडण असलं तरी मी तुझीच.

ताई

---

२१ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू रागावशील, पण झालं ते झालं. मी अध्यक्षांकडे जाऊन सांगून टाकलं.

तुझं पत्र वाचल्यावर दोन दिवस मी हातात कागद धरून नुसता फिरत होतो. तिसऱ्या दिवशी समितीत धक्केवाला तुझंच वाक्य वाचून दाखवू लागला, की बघा, यांच्यातलं कुणी पुढे आलेलंच नाही, म्हणून यांच्यासाठी बोलायला आमच्यासारखे हवेत. आणि ते वाक्य माझ्या अक्षरातलं होतं! मधल्या सुटीत मी अध्यक्षांच्या खोलीत गेलो. सांगितलं की साक्षीदार माझी सख्खी बहीण आहे, मी पडावावर जन्मलो आणि नोकरीच्या अर्जात खोटं लिहिलं.

त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारलं की माझ्या लिहिण्यात एखादा शब्द इकडचा तिकडे केला आहे का. मी म्हटलं, एकही नाही. म्हणाले, मग तुमच्या लिहिण्यात चूक नाही, त्यांच्या सांगण्यात आहे. ती दुरुस्त करायची तर त्यांनीच करायला हवी. मला त्याच दिवशी समितीवरून काढलं. नोकरीवरून काढलं नाही, छापखान्यात मुद्रितं तपासायला बसवलं आहे. अर्जातल्या खोट्याची चौकशी वेगळी होईल.

तुला अध्यक्षांचं पत्र येईल. धक्केवाला म्हणतो आहे की जी बाई एवढ्याशा गोष्टीत खोटं बोलते तिच्या अडतीस हजारांवर कोण विश्वास ठेवील. माझ्यामुळे तुझी बावीस वर्षं पणाला लागली. क्षमा माग म्हणालीस तर मागतो, पण पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन.

जसा आहे तसा तुझा,
ढापण्या

---

३ मे, लोखंडी पूल

चि. ढापण्यास,
अ. उ. आ.

आधी रागावले. भांडी आपटली. आबांनी कारण विचारलं तेव्हा सगळंच सांगावं लागलं. ते म्हणाले, पोरगा सांगून आला का, बरं केलं. मग मला म्हणाले, आता तू सांग.

अध्यक्षांना मी जे धाडलं त्याची नक्कल तुझ्यासाठी उतरवते. तू आता ते लिहून घ्यायला तिथे नाहीस म्हणून.

"त्या दिवशी मी एक शब्द खोटा बोलले. तुमच्या इमारतीत आमचा एक माणूस आहे, तो माझा भाऊ. मी नाही म्हटलं, कारण तो आमचा आहे हे कळलं तर त्याची खुर्ची जाईल हे मला ठाऊक होतं. आणि कळल्यावर ती गेली. आमच्या माणसाला तुमच्यात बसायचं तर आधी आमचं नसावं लागतं. बाकीचे अडतीस हजार चारशे सहा खरे आहेत. शंका असेल तर कुणालाही धाडा, मी होडीत बसवून घरोघर नेते."

पाठवताना काही वाटलं नाही. आता मात्र टपालवाला दिसला की जीव टांगणीला लागतो. बाळंतपणाला जातानाही कान काठाकडे. माझं असं कधी झालं नव्हतं.

अडतीस हजार चारशे सात, खरं म्हणजे. तुझं हे पत्र लिहायला बसले तेव्हा आबा म्हणाले, लिही मला.

ताई

---

३० मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल समितीत मतदान झालं. मला आत जायला मनाई, म्हणून मी छापखान्यात मुद्रितं पुढ्यात घेऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होतो. चारच्या सुमारास माझ्या जागेशेजारच्या त्या बाई जिना उतरून आल्या. माझ्याशी त्या कधी कामापलीकडे बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, तुमच्या बहिणीचं पत्र वाचलं गेलं तेव्हा मी कंसात शांतता असं लिहिलं. तसा नियम नाही, पण लिहिलं.

त्यांनी सांगितलं ते असं. अध्यक्षांनी दोन कारकून मोजणी पडताळायला धाडले होते, ते तुझ्या होडीतून फिरले. ते मला तू लिहिलं नाहीस! साठ पडाव पाहिले, वहीपेक्षा चार माणसं जास्त निघाली, त्यातली दोन त्याच आठवड्यात जन्मलेली. धंद्याच्या जागेला नऊ मतं पडली, धक्का निवडण्याला अकरा. अध्यक्ष तटस्थ. धक्केवाला आपणच तुमच्यावर कसा उपकार केला ते बाहेर पत्रकारांना सांगत होता.

पण फार हुरळू नकोस. दर निवडणुकीआधी सगळ्यांनी पुन्हा नोंद करायची, आणि तीही वीस दिवसांत, अशी अट घातली आहे. भर हंगामात वीस दिवसांत सगळे पडाव निवडलेल्या धक्क्यांना कसे यायचे? मला चैन नाही. कलमाचं मुद्रित काल माझ्याकडेच तपासायला आलं. सात ओळी आहेत. एकही चूक सापडली नाही, तरी तीनदा वाचल्या.

आहे तेवढा लोभ जागा ठेव.

ढापण्या

---

२ जुलै, दगडी धक्का

चि. मुलास,
आबाचा आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. ताई नोंदणीच्या मागे नदीभर फिरते आहे, आज दुसरा दिवस, म्हणून मीच लिहितो. तिला लोक उभं राहा म्हणतात. ती नाही म्हणते आणि नवीन चपला घेऊन आली आहे, यावरून काय ते समज. मी तिला सांगितलं की माझं मत तुला आहेच असं धरून चालू नकोस, आधी काय करणार ते सांग. चिडली.

काल नोंदणीवाला आपल्या पडावावर आला. माझ्यासमोर बसून म्हणाला, घरात माणसं किती. मी म्हटलं, तीन. त्याने मला आणि ताईला लिहिलं आणि विचारलं, तिसरं कोण. तुझं नाव सांगितलं. तो म्हणाला, ते शहरात राहतात, एका माणसाला एकच ठिकाण, त्यांनी स्वतः सांगायला हवं. भला माणूस होता. म्हणाला, ओळ मोकळी ठेवतो, वीस तारखेपर्यंत कळवा.

मी तुला काही सांगत नाही. जे खरं असेल ते कळव.

पावसाळी हवेने खोकला आहे, काळजी करण्यासारखा नाही.

आबा

---

११ जुलै

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं अक्षर मी पहिल्यांदा पाहिलं. पत्र पाच दिवस खिशात घेऊन फिरलो. तीनदा हो लिहिलं आणि तीनदा फाडलं.

आबा, त्या ओळीवर काट मारायला सांगा. मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, खाली उतरलं की दिव्यांचे खांब आणि फरसबंद रस्ता. इथला नळ बंद पडला तर मी ओरडणार, तुमच्या काठाला गाळ साचला तर मला कळणारही नाही. तिथे नाव लिहिलं तर पाण्यावर न राहता पाण्यावरच्यांसाठी बोलणारा आणखी एक मीच होईन. तो धक्केवाला मी पुरता पाहिला आहे. ताईने माणसं मोजली त्यात मी धरलेला नव्हतो, ते बरोबर होतं.

पण नोंद मी केली, इथल्या कचेरीत. कारकुनाने जन्मस्थळ विचारलं. म्हटलं, पडाव. तो म्हणाला, गावाचं नाव सांगा. म्हटलं, गाव नाही, पडावच लिहा. मागे रांग खोळंबली, तो वरिष्ठांना विचारून आला, आणि त्याने लिहिलं. माझ्या अर्जाची चौकशी अजून संपलेली नाही. काय निघेल ते निघो.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल की नाही, मला सांगता येत नाही. तुम्ही खरं कळव म्हणालात. आणखी एक खरं आहे. चार वर्षं मी येतो येतो लिहिलं, आणि खरं तर मला तुमच्यात दिसायचं नव्हतं. आता रजा मंजूर करून घेतली आहे, तिकीट काढलं आहे. आठवडाभर राहीन. ताईबरोबर होडीतून फिरेन, तिला चालत असेल तर लिहून घेईन. आशीर्वाद राहू द्या, तो मागायला मला या वेळी संकोच वाटतो आहे.

एकोणीस तारखेला तुम्ही कुठल्या धक्क्याला असाल, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमचा मुलगा